पतंगाला तोंड नसतं

“मॅडम, याचं तोंड कुठं हाय?”

डोमाजी नान्हे व्हरांड्याच्या पायरीवर बसले होते आणि त्यांच्या तळहातावर कोसाची मादी पतंग पंख पसरून बसली होती. हाताच्या पंजाएवढी. पिवळट तपकिरी रंग आणि चारी पंखांवर एकेक गोल, आरपार दिसणारा डोळा.

“नाहीच आहे,” मी म्हटलं.

“असं कसं? मंग खाते काय?”

“काहीच नाही खात. अळी असताना जे खाल्लं त्याच्यावर आठ दिवस काढते. अंडी घालते आणि मरते.”

“बाप्पा! सांगता काय!”

हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं, हे मला फार उशिरा कळलं. सात पिढ्या कोसा पाळणारा माणूस तो. आलेल्या प्रत्येक नव्या मॅडमची न् साहेबाची ते अशी परीक्षा घ्यायचे. मी आपली शहाण्यासारखी शिकवत बसले होते.

तेवढ्यात खिडकीला टांगलेल्या पिंजऱ्यातून आवाज आला, “साफ!”

आवाज माझाच होता. हुबेहूब. जरा नाकातला, शेवटी ओढलेला. डोमाजी वर बघून हसले आणि म्हणाले, “पतंगाले तोंड नाही, आन् याच्या तोंडाले दार नाही. देवानं काय वाटणी केली पाहा.”

मीही हसले. तेव्हा मला हसू यायचं.

ही गोष्ट शहाऐंशी सालची. मी तेवीस वर्षांची, मंदाकिनी ठवकर, भंडाऱ्याची, आणि नोकरी मिळून जेमतेम दहा महिने झालेले. बेलटोला नावाच्या गावाबाहेर, जंगलाच्या कडेला आमचं कोसा बीज केंद्र होतं, कोसा म्हणजे जंगली रेशीम, त्याच्या किड्यांची अंडी पुरवणारं. एक साहेब, एक मी, आणि लांजेवार मामा नावाचे शिपाई, जे खरं म्हणजे सगळंच करायचे. पोपट त्यांचाच. साधा राघू नव्हे, करण. खांद्यावर लाल पट्टा असलेला, दांडगा. आज असा पोपट पाळला तर पोलीस येतील, तेव्हा कुणाला काही वाटत नसे. मामा त्याला हिरवी मिरची भरवायचे आणि म्हणायचे, “हा मला पोचवून मग जाईल, मॅडम. चाळीस-चाळीस वर्षं जगतात हे.”

त्याच दिवसांत तालुक्याच्या शाळेची पोरं केंद्र बघायला येणार म्हणून साहेबांनी माझ्याकडून एक तक्ता करून घेतला होता. डावीकडे कोसाचा पतंग, उजवीकडे करण पोपट. दोघांची तुलना. पतंग: आयुष्य आठ दिवस, अंडी दोनशे, तोंड नाही, आवाज नाही. पोपट: आयुष्य तीस-चाळीस वर्षे, अंडी तीन, चोच बळकट, ऐकलेले बोलतो. खाली रंगीत खडूने वेलबुट्टी. साहेब खूश झाले आणि तो तक्ता त्यांनी माझ्या टेबलामागे खिळ्याला टांगून टाकला. बदली होईपर्यंत तो माझ्या पाठीमागे होता.

आता आमचं काम काय होतं ते सांगते, कारण सगळं त्यातच आहे. मादीने अंडी घातली की तिचं पोट खलात कुटायचं, त्यातला एक थेंब काचेवर घ्यायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. चकचकीत, तांदळाच्या कणीसारखे बारीक दाणे दिसले की त्या मादीला ठिपक्यांचा रोग. आईचा रोग अंड्यातून पिलांत उतरतो, म्हणून तिची सगळी अंडी चुलीत. दाणे नाही दिसले तर अंडी साफ, आणि ती पुड्यांत बांधून कोसा पाळणाऱ्यांना द्यायची. ते लोक ती जंगलात नेऊन ऐनाच्या झाडांवर सोडतात, दीड महिना झोपडीत राहून राखण करतात, आणि जे कोसे निघतील त्यावर त्यांचं घर चालतं.

काच लावायची, बघायचं, आणि मोठ्याने सांगायचं, “साफ!” जाळीच्या खिडकीपलीकडे व्हरांड्यात मामा रजिस्टर घेऊन बसलेले. त्यांनी आकड्यापुढे ‘साफ’ लिहायचं. मग मी म्हणायचे, “पुढचं.” एका काचेला दीड-दोन मिनिटं लागायची. नीट बघायचं तर लागतातच. मामांना आतलं दिसत नसे, फक्त ऐकू येई. आणि पोपट दोघांच्या मध्ये.

जूनमधला शनिवार होता. दोनशे बारा माद्या तपासायच्या होत्या. सकाळी सातपासून बसले होते, एक वाजेपर्यंत एकशे चाळीस झाल्या. एकातही दाणा नाही. मान आखडलेली, डोळ्यांपुढे काजवे, आणि अडीचची भंडाऱ्याची एसटी. ती चुकली की सोमवारपर्यंत दुसरी नाही. अजून बहात्तर काचा, म्हणजे दोन तास तरी. सोमवारी अंडी वाटायची होती. रविवारी थांबून करता आलं असतं. पण घरी आमरस होता.

बस्स. एवढंच कारण आहे. कुणी आजारी नव्हतं, कुणाचं लग्न नव्हतं. मोसमाचा शेवटचा आंबा होता, आईने निरोप धाडला होता आणि मला त्या जंगलाचा वीट आला होता. हे सांगताना काहीतरी मोठं कारण सांगावंसं वाटतं. नाहीये.

पुढच्या चार-पाच काचा मी पाहिल्या. मग एक न बघताच म्हटलं, “साफ.” काही झालं नाही. मामांच्या पेनाची कुरकुर ऐकू आली.

“पुढचं. साफ. पुढचं. साफ. पुढचं.”

“मॅडम, आज गाडी लय जोरात आहे,” मामा बाहेरून म्हणाले.

“हात बसलाय आता, मामा. साफ. पुढचं. साफ.”

मी एकेक काच उचलून धुवायच्या घमेल्यात टाकत होते आणि तोंडाने म्हणत होते. पोपट दांडीवर पुढे-मागे नाचायला लागला. त्याला मजा येत होती. मलाही येत होती. दहा मिनिटांत उरलेल्या सगळ्या संपल्या. शेवटची घमेल्यात टाकून मी हात झटकले आणि म्हटलं, “झालं एकदाचं!”

एसटी मिळाली. रात्री चार वाट्या आमरस खाल्ला.

सोमवारी मी स्वतः अंड्यांच्या पुड्या बांधल्या आणि पुड्यांवर माझ्या हाताने आकडे घातले. डोमाजी शेवटी आले, म्हणून त्यांच्या वाट्याला शेवटच्या चाळीस पुड्या आल्या. एकशे त्र्याहत्तर ते दोनशे बारा. पुड्या त्यांच्या हातात ठेवताना माझ्या मनात आलं, यातली एकही मी पाहिली नाही. आणि लगेच आलं, दीडशेत एक नाही निघाला, आता काय निघतो! डोमाजींनी पुड्या कपाळाला लावल्या आणि नेल्या.

जुलैच्या मध्याला निरोप आला. डोमाजीच्या झाडांवर किडे मरतायत.

बडगे साहेब आणि मी जंगलात गेलो. डोमाजींनी पाळणूक धरली होती. कोसा झाडावर असेपर्यंत त्या लोकांत राखणदार दाढी करत नाही, एकवेळ जेवतो, मासळी-मटण नाही, तेल नाही, आणि घरच्या बाईनेही डोक्याला तेल लावायचं नाही. डोमाजींची दाढी महिनाभराची वाढली होती. ऐनाच्या पानापानाला किडे उलटे लोंबत होते, काळे पडलेले, काही अजून हलत होते आणि त्यांच्या अंगावर तिखट शिंपडल्यासारखे ठिपके. दोन झाडं सोडून त्यांच्या चुलतभावाचे किडे हिरवेगार, बोटाएवढे. त्याला आधीच्या आकड्यांतल्या पुड्या मिळाल्या होत्या.



तिथून आम्ही डोमाजींच्या घरी गेलो. अंगणात माणसं जमली होती. साहेबांनी रजिस्टर बरोबर आणलं होतं. ते उघडून त्यांनी सगळ्यांना दाखवलं.

“हे बघा. एक ते दोनशे बारा. सगळं साफ. मॅडमनी स्वतः तपासलंय. बियाणं चोख होतं. आता खाली काय झालं ते तुम्हीच बघा.”

“खाली काय होनार!” डोमाजींची आई ओट्यावरून ओरडली. म्हातारीला कमी ऐकू यायचं, त्यामुळे ती सगळंच ओरडून बोलायची. “इचारा या बयेले! इनं डोक्याले तेल लावलं! म्या माह्या डोर्‍यानं पायलं!”

कौतिका दाराशी उभी होती. डोमाजींची बायको. माझ्याच वयाची, काटकुळी, कडेवर अकरा महिन्यांची पोरगी. सगळे तिच्याकडे वळले.

“लावलं?” डोमाजींनी विचारलं.

“डोकं लय दुखे. तीन दिस दुखे,” ती म्हणाली. “बोटभर लावलं.”

“आन् मंग शिदोरी घेऊन आली जंगलात?”

तिने मान डोलावली. लोकांत कुजबूज सुरू झाली. म्हातारीने कपाळावर हात मारला, आणि कुणीतरी म्हणालं, भावाकडं धाडून द्या. डोमाजी तिच्याकडे बघत राहिले. मग ते वळून माझ्यापुढे आले. त्या अंगणात शिकलेली बाई एकच होती, मी.

“मॅडम, तुमीच सांगा,” ते म्हणाले. “तुमी शिकल्या हात. तेलानं किडे मरतेत काय?”

कौतिका माझ्याकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत भीती नव्हती, आशा होती. ही बाई सांगेल, म्हणून.

‘नाही’ म्हणायचं होतं. दोन अक्षरं. पण ‘नाही’ म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, मग कशाने मेले? साहेब माझ्या खांद्याशी उभे होते, रजिस्टर त्यांच्या काखेत, आणि मी अजून कायम झाले नव्हते.

“सांगता येत नाही,” मी म्हटलं.

साहेबांनी मान डोलावली. म्हातारी ओट्यावरून उतरली आणि कौतिकाच्या कडेवरची पोरगी काढून घेतली. पोरीने टाहो फोडला. संध्याकाळच्या आत कौतिकाचा भाऊ येऊन तिला नदीपलीकडे माहेरी घेऊन गेला. जाताना तिने पदर डोक्यावरून पुढे ओढला होता, केस कुणाला दिसू नयेत म्हणून.

मी झाडावरून एक मेलेला किडा रुमालात आणला होता. केंद्रावर आल्यावर दार लावून तो कुटला आणि काच लावली. दाणेच दाणे. चांदण्यांसारखे चकाकत होते. मी काच धुतली आणि पुसून जागेवर ठेवली.

जुलैअखेर लांजेवार मामा निवृत्त झाले. त्यांच्या घरी मांजर होती, म्हणून पोपट केंद्रावरच ठेवून गेले. “मॅडम, तुमचाच आवाज काढतो, तुमच्याजवळच राहू दे,” असं म्हणाले. आणि तो पोपट, मेला, दिवसभर तेच सुरू करायचा. आधी तो एकदा ‘साफ’ म्हणून गप्प बसे आणि बऱ्याच वेळाने ‘पुढचं’ म्हणे. आता नाही. आता एका दमात: “साफ पुढचं साफ पुढचं साफ पुढचं!” आणि शेवटी मान वाकडी करून, “झालं एकदाचं!”

एकदा साहेब व्हरांड्यात चहा पीत असताना त्याने तो पाढा म्हटला. साहेब ठसका लागेपर्यंत हसले. “ठवकर, हा तर तुमच्यापेक्षा भरभर तपासतो!” त्या दिवशी मी पिंजऱ्यावर पोतं टाकलं. पोत्याखालूनही तो बोलतच होता.

ऑगस्टच्या शेवटी दुसऱ्या पिकाच्या अंड्यांसाठी डोमाजी आले. दाढी काढली होती आणि गाल आत गेले होते. या वेळी मी प्रत्येक काच दोनदा पाहिली होती, सहा माद्यांची अंडी चुलीत घातली होती. पुड्या देताना मी विचारलं, “पोरगी कशी आहे?”

“आजीपाशी राहते. दिसभर रडते.”

कौतिकाचं मी विचारलं नाही.

“हा पोपट घेऊन जा,” मी म्हटलं. “पोरीला करमेल.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग पिंजऱ्याकडे. त्यांचे डोळे भरून आले.

“मॅडम, तुमचा जीव लय मोठा हाय,” ते म्हणाले आणि पिंजरा डोक्यावर घेऊन निघाले. मी फाटकापर्यंत बघत राहिले. पोपट नव्या माणसाच्या डोक्यावर बसून एकदम मुका झाला होता. मी आत येऊन दीर्घ श्वास घेतला. सुटले, असं वाटलं.

डिसेंबरात ते कोसे विकायला आले. पीक चांगलं आलं होतं. पावती घेतल्यावर ते नेहमीसारखे पायरीवर बसले आणि तंबाखू मळत म्हणाले, “मॅडम, एक पतंग पाहाले किती वेळ लागते?”

“दीड-दोन मिनिटं.”

“हं,” ते म्हणाले. “मले बी तसंच वाटे. इतकी वर्सं आयकून रायलो ना इथं बसून.”

तंबाखू तोंडात टाकली, उठले, रामराम केला आणि गेले. मी त्या प्रश्नाचा विचार केला नाही. करायचा नाही असं ठरवूनच केला नाही. फेब्रुवारीत माझी बदली झाली.

त्यानंतर माझं सगळं रीतसर झालं. कायम झाले, लग्न झालं, दोन मुलं झाली, शेवटी मीच साहेब झाले. हाताखालच्या पोरींना मी काचा घाईने बघू देत नसे. माझ्या मागे मला खाष्ट म्हणायच्या, ते बरोबर होतं. आमरस आजही खाते. सोडला, असं सांगितलं तर ऐकायला बरं वाटेल, पण ते खोटं होईल.

निवृत्त झाल्यावर पुढच्या वर्षी, छत्तीस वर्षांनी, मी बेलटोल्याला गेले. मनाशी वाक्य तयार केलं होतं. ‘डोमाजी, चूक माझी होती, कौतिकाची नाही.’ गाडीत चाळीस वेळा म्हटलं असेल. घर सापडलं. भिंती सिमेंटच्या झाल्या होत्या, अंगण तेच. ओट्यावर एक बाई डाळ निवडत बसली होती. पदराबाहेर आलेले केस पांढरे, कोरडे, राठ, वाळल्या गवताच्या पेंडीसारखे. तिने मान वर केली आणि मी नाव सांगायच्या आत म्हणाली, “ठवकर मॅडम.”

कौतिका होती. परत आली होती. मला इतकं हलकं वाटलं की मी तिथेच ओट्यावर बसले.

“डोमाजी?”

“तीन वर्सं झाली जाऊन.”

म्हणजे वाक्य सांगायचा माणूसच राहिला नव्हता. मी कौतिकाबाईंना सांगायला तोंड उघडलं. “कौतिकाबाई, तेव्हा जे झालं ना, ते—”

“साफ,” आतून आवाज आला.

माझा आता थायरॉइडच्या ऑपरेशनने आवाज बसला आहे. आत होती ती तेवीस वर्षांची मंदाकिनी, नाकातली, कोवळी.

“साफ पुढचं. साफ पुढचं. साफ पुढचं.” मध्ये थोडा दम घेतला, म्हातारा झाला होता. “झालं एकदाचं.”

कौतिकाबाई डाळ निवडत होत्या. खडा काढून त्यांनी अंगणात फेकला.

“आला तेव्हा तीन मयने मुका होता,” त्या म्हणाल्या. “मंग बोलाले लागला. हे तवा दुसऱ्या पिकाचे कोसे उतरवून जंगलातून घरी आले होते. एक दिस आयकलं, दोन दिस आयकलं. तिसऱ्या दिसी उठले आन् सायकल काढून माह्या माहेरी आले. म्हणे, चाल घरी. मी म्हटलं, काऊन? तर म्हणे, तेलानं नाही मेले. मॅडमनं पायलंच नाही.”

मी उगाच डाळीतला एक खडा उचलला.

“मी म्हटलं, जा मंग हापिसात, सांगा साहेबाले. तर म्हणे, काय सांगू? पोपट बोलला म्हनून? हासतील. आन् म्हणे, पोरगी हाय ती बी, नोकरी जाईन तिची.” त्यांनी सुपाला एक झटका दिला. “मी लय भांडलो त्यायच्यासंग. ती पोरगी, मंग मी कोन?”

“तुम्ही किती दिवस माहेरी—”

“पाच मयने.”

पोपट आत दांडीवर सरकल्याचा आवाज आला.

“रेवता अकरा मयन्याची होती तवा. आली तवा सोळाची. मले ओरखलीच नाही. कडेवर घेतलं तर आजीकडं हात करे.” आता त्यांनी सूप खाली ठेवलं आणि प्रथमच सरळ माझ्याकडे पाहिलं. “बोलाले लागली होती. आई नव्हती, आजी बहिरी, बाप जंगलात. दिसभर पिंजऱ्यापुढं बसून राहे. मी दारात उभी, आन् ती मले पाहून काय म्हणे, सांगू?”

मी मान हलवली. नको म्हणून.

“साफ,” त्या म्हणाल्या. “पयला शब्द माह्या लेकीचा. आईबिई नाही. साफ.”

मी रडायला लागले. उगाच हुंदके बाहेर पडायला लागले, आणि मी त्यांचे पाय धरायला वाकले. त्यांनी पाय मागे घेतले.

“हे नोका करू,” त्या म्हणाल्या. “रडून काय करता? त्या पाखराले मारून टाकावं वाटे मले. तर हे म्हणत, त्यानं खरं तेच सांगतलं, त्याले मिरची देत जा. दिली मंग. छत्तीस वर्सं दिली.”

मी डोळे पुसले. “चूक माझी होती, कौतिकाबाई. मी—”

“इथं नाही.”

“काय?”

त्या उठल्या. गुडघ्यावर हात ठेवून, हळू. ओट्यावरून उतरल्या आणि अंगणाच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या. “इथं या. इथं उभ्या होत्या तुमी. साहेब तिकडं होता. हे इथं.” त्यांनी दोन पावलं मागे सरकून दाराची जागा घेतली. “आन् मी इथं.”

मी जाऊन उभी राहिले. समोरच्या घरातल्या बायका बाहेर आल्या. हापशीवरची एक बाई हात थांबवून बघायला लागली. त्यातल्या निम्म्या तेव्हा जन्मल्याही नसतील.

कौतिकाबाईंनी पदर डोक्यावरून खाली घेतला. तो राठ, पांढरा अंबाडा उन्हात उघडा पडला.

“तवापासून तेल नाही लावलं मी,” त्या म्हणाल्या. “सासू मेली तरी नाही लावलं. हे म्हणत लाव, तरी नाही. म्हटलं, ज्या बाईले इचारलं होतं, ती येऊन सांगन, तवा लावीन. आता सांगा, मॅडम. तुमी शिकल्या हात. तेलानं किडे मरतेत काय?”

“नाही,” मी म्हटलं.

“मोठ्यानं सांगा.”

बसलेल्या घशातून आवाज निघत नव्हता. मी छाती भरून घेतली.

“नाही! तेलाने नाही मरत. रोग बियाण्यात होता. मी बघितलं नव्हतं. न बघता साफ म्हटलं.”

हापशीवरच्या बाईने शेजारणीला काहीतरी विचारलं. कौतिकाबाई तशाच उभ्या राहिल्या, जणू अजून काही यायचं आहे. मग त्यांनी हात वर करून स्वतःच्या डोक्यावरून एकदा फिरवला, पुढून मागे.

“हं,” त्या म्हणाल्या. “तवा बी एवढंच लागत होतं.”

आणि त्या पोपटाला मिरची द्यायला आत गेल्या. मला बसा म्हणाल्या नाहीत.